कोपऱ्यापर्यंतची ट्रायल

अच्युतराव सरनाईकांची फियाट ट्रायलला निघाली, की फुलेवाडीतल्या त्या गल्लीला संध्याकाळचे चहा झाले हे कळायचं. फाटक करकरायचं, दुधी रंगाची गाडी तोऱ्यात बाहेर यायची, वाण्याच्या दुकानापर्यंत जरा पळायची, मग तीनदा करकचून ब्रेक लागायचे. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाशी गाडी थांबायची. अच्युतराव काच खाली करून कान बाहेर काढायचे, डोळे मिटून ऐकायचे, आणि त्यांचा चेहरा पडायचा. उजवीकडून पुरता वळसा घेऊन गाडी परत. फाटक बंद. थोड्या वेळाने बॉनेट उघडल्याचा आवाज.

गल्लीतली पोरं मोठी झाली, त्यांनाही पोरं झाली, तरी कोपऱ्याच्या पलीकडे गेलेली ती गाडी त्यांच्यापैकी कुणाच्या पाहण्यात नव्हती. कुणाचं लग्न पाहण्याच्या कार्यक्रमातच अडकून पडलं, की लोक म्हणत, "त्याचं म्हणजे सरनाईकांची ट्रायल झालीया." अच्युतरावांच्या कानावर हे गेलं होतं. ते रागावले नव्हते. गाडी सुरात आली की सगळ्यांची तोंडं आपोआप बंद होतील, असं त्यांना वाटे.

ते काही धंद्याने मेकॅनिक नव्हते. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाची गोडी मोजण्यात त्यांची नोकरी गेली. पण हात सोन्याचा. व्हॉल्व्ह घासणं, कार्बोरेटर बसवणं, गिअरबॉक्स उतरवून परत चढवणं, सगळं घरच्या शेडमध्ये स्वतःचं स्वतः शिकलेले. पुढच्या चाकांना त्यांनी डिस्क ब्रेक लावले. जुन्या पद्धतीचं इग्निशन काढून इलेक्ट्रॉनिक बसवलं. पंपांवर पेट्रोल जाऊन नुसतं इथेनॉल मिळू लागलं, तेव्हा भल्याभल्यांच्या जुन्या गाड्या दारात बसल्या. अच्युतरावांनी कार्बोरेटरचे जेट मोठे केले, रबरी नळ्या बदलल्या, आणि त्यांची फियाट उसाच्या दारूवर पहिल्या झटक्यात सुरू झाली. एवढं असून ती कोपऱ्यापर्यंतच जायची.

खरं तर गाडी मुळात त्यांची नव्हतीच. ती कुमुदची होती.

कुमुद विजयदुर्गची, डॉक्टरांची एकुलती एक लेक. लग्नात वडिलांनी तिला गाडी दिली आणि लेकीने जाहीर केलं, की सासरी जाईन ती ही गाडी स्वतः चालवत. शालू नेसलेली नवरी चाकावर आणि फेटा बांधलेला नवरदेव शेजारच्या सीटवर, अशी ती वरात घाट चढून कोल्हापुरात आली. अच्युतरावांना वळणं सोसली नाहीत. गगनबावड्याच्या अलीकडे गाडी थांबवून त्यांना फेट्यासकट खाली वाकावं लागलं. कुमुद पाठीवरून हात फिरवत हसत होती. "घाटाखालचा पाणी सोसूक जोर लागता हो," ती म्हणाली. तेव्हाच आपण हिच्या प्रेमात पडलो, असं ते पुढे सांगत.

पहिली काही वर्षं उन्हाळ्यात ती सगळ्यांना घेऊन विजयदुर्गला जाई. मग एका मे महिन्यात करूळ घाट उतरताना ब्रेक गेले. ऑईल जुनं झालं होतं, ते तापून उकळलं आणि पेडल थेट तळाला टेकलं. मागच्या सीटवर लहानगी ऋजुता कैरी खात होती. कुमुदने गडबड केली नाही. गिअरचा दांडा ओढून गाडी तिसऱ्यात, मग दुसऱ्यात घेतली, हॅन्डब्रेक हळूहळू खेचला आणि ती एका मुरमाच्या ढिगाऱ्याला अलगद टेकवली. ऋजुताला वाटलं, आई गंमत करतेय. कुमुदही हसली. अच्युतरावांच्या शेजारच्या काचेतून मात्र खाली सरळ दरी दिसत होती. त्यांना हसू आलं नाही. नंतर कितीतरी रात्री झोपही आली नाही.

"आधी गाडी नीट करू," घरी आल्यावर ते म्हणाले, "मग जाऊ."

ब्रेक नीट झाले. मग लक्षात आलं, क्लच घसरतोय. क्लच झाला, तर गिअरबॉक्स गुरगुरतोय. एक पार्ट नवा बसला, की त्याच्या शेजारचा जुना डोळ्यांत खुपायचा. कार्बोरेटर ओट्यावर दुधाच्या पातेल्याशेजारी, पिस्टन देवघराच्या फडताळात. कुमुदला माहेरी जायचं झालं, की ती एसटीने जाई. दारात स्वतःची गाडी, आणि ही बाई पिशवी घेऊन स्टँडवर.

एकच दिवस असा होता, की पान्याला हात लावायचा नाही: खंडेनवमी. हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायची, झेंडूची फुलं वाहायची आणि त्या दिवशी त्यांना विश्रांती द्यायची. दर वर्षी त्या सकाळी कुमुद विचारी, "आज तर तुमच्या पान्यांक सुट्टी. आज जावया?" आणि अच्युतराव म्हणत, "आजच्याच दिवशी वाटेत काही झालं तर? दुरुस्ती कशी करायची?" त्यांना हे उत्तर बिनतोड वाटे. एकदा ती न चिडता म्हणाली होती, "अहो, माझी गाडी नको हो मला. जाणं हवंय."

ती हृदयविकाराने आजारी पडली तेव्हा पलंगावरून तिला शेड दिसे. शेवटच्या आठवड्यात तिने विचारलं, "झाली का हो गाडी?"

"होत आलीय. आता फक्त इंजिनातल्या टॅपेटचा टिकटिक आवाज राहिलाय."

"असू दे की आवाज," ती म्हणाली.

ती गेली, आणि त्यानंतरही ते रोज ट्रायल घेत राहिले. दुसरं काय करायचं हे त्यांना सुचत नव्हतं.

कुमुदला जाऊन तीन वर्षं झाली आणि नवा कायदा आला. गुढीपाडव्यापासून राज्याच्या कुठल्याही रस्त्यावर माणसाच्या हातात चाक राहणार नव्हतं. अपघात जवळपास संपले होते, ते यंत्रं चालवत असलेल्या गाड्यांमुळे; उरलेसुरले होत ते हाताने चालवणाऱ्यांच्या कृपेने. जुनी गाडी ठेवायची असेल तर तिला 'सारथी' बसवा, नाहीतर भंगारात द्या, असा सरळ हिशेब होता.

सारथी म्हणजे पेडल, चाक आणि गिअरच्या दांड्याला जोडायच्या मोटारी, काचेवर डोळे आणि सीटखाली एक डबी. अडचण होती ती वेगळीच. नव्या गाडीचा प्रत्येक भाग कसा वागतो, हे कंपनीने यंत्राला सांगून ठेवलेलं असतं. पण चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीचं कोण सांगणार? तिच्या स्टीअरिंगला किती ढिलाई, क्लच कुठे पकडतो, ब्रेक डावीकडे ओढतात की उजवीकडे, हे तिचं तिलाच ठाऊक. म्हणून शास्त्रज्ञांनी झीजवाचन शोधून काढलं.

धातूवर धातू घासला, की तो नुसता झिजत नाही. प्रत्येक दाब, प्रत्येक झटका आपला ओरखडा ठेवून जातो, आणि पृष्ठभागाखालच्या कणांची रचनाही त्या जोराने किंचित सरकते. डोळ्यांना तिथे गुळगुळीत चकाकी दिसते. लेसरच्या किरणाला तिथे एकावर एक लिहिलेल्या ओळी दिसतात. थंड इंजिनाची झीज वेगळी, तापलेल्याची वेगळी. लांबच्या प्रवासाची वेगळी, गल्लीतल्या फेरीची वेगळी. झाडाच्या कापलेल्या खोडावरून पावसाळे मोजावेत, तशी त्या ओळींवरून गाडीची सगळी हयात वाचता येऊ लागली.

आणि मग कुणाच्या ध्यानीमनी नसलेली गोष्ट घडली. गाडीची झीज ही चालवणाऱ्याच्या हातापायांनी झालेली असते. यंत्र गाडी वाचायला गेलं आणि त्याने माणूस वाचला. सोलापुरातल्या एका वकिलाची जीप, वकील वारल्यावर, सारथी बसवताच कोर्टाच्या फाटकापाशी आपोआप सावकाश होऊ लागली, कारण ते तिथे हटकून वेग कमी करून कुणाला तरी नमस्कार करत. त्यांची बायको त्या जीपमध्ये बसून रोज कोर्टापर्यंत जाऊन यायची, म्हणे. सारथीवाल्यांनी लगेच त्याला नाव दिलं, 'स्वभाव', आणि जाहिराती सुरू झाल्या: तुमच्या माणसाच्या हातची गाडी, पुन्हा एकदा.

ऋजुताने पुण्याहून फोन केला. "बाबा, बघितलंत का हे? आईच्या हातची गाडी..."

अच्युतरावांनी फोन ठेवला. ते शेडमध्ये गेले आणि डाव्या सीटवर, नवरदेवाच्या जागेवर, बराच वेळ बसून राहिले. कुमुद पुन्हा गाडी चालवणार होती. ती वळणावर हॉर्नच्या आधी जीभ टाळ्याला लावून 'टॉक' करायची, ते काही ऐकू येणार नव्हतं. पण ती वळायची कशी, ते कळणार होतं. यापुढे त्यांना आयुष्याकडून दुसरं काही नको होतं.

झीज वाचायला आली ती तबस्सुम मुल्ला. उद्यमनगरात वाढलेली, अस्सल कोल्हापुरी. इथल्या पोरींच्या रिवाजाप्रमाणे 'मी येतो, मी जातो' म्हणणारी. गाडी पाहून तिने शीळ घातली.

"काका, लई देखणी ठेवलीसा की! सिनेमातल्यागत."

"पन्नाशी उलटलीय तिची," अच्युतराव अभिमानाने म्हणाले. "पण एक पार्ट जुना दिसला तर नाव बदलीन."

तबस्सुमने वर पाहिलं. झीज वाचायचं यंत्र हातात घेऊन ती गाडीखाली शिरली. क्लचपासून सुरुवात करून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांपर्यंत तिने सगळं वाचलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हनुवटीला ग्रीस लागलं होतं आणि चेहऱ्यावर मघाचं हसू नव्हतं.

"काका, जुने पार्ट कुठं ठेवलायसा?"

"कसले जुने?"

"काढलेले. काकूंच्या वेळचे. क्लचची प्लेट, गिअर, ब्रेकचे ड्रम, जॉइंट. काकू असतील त्या त्यात असतील. हे समदं तर तुम्ही बसवलेलं हाय."

दर दिवाळीच्या साफसफाईत अच्युतराव काढलेलं सामान पोत्यात भरून भंगारवाल्याला देत आले होते. झिजलेली वस्तू घरात ठेवू नये, असा त्यांचा नियम होता. त्या नियमाचाही त्यांना अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी ते शिरोली नाक्याजवळच्या त्या भंगारवाल्याकडे गेले. म्हातारा भंगारवाला त्यांना ओळखत होता. त्यांचं बोलणं ऐकून तो हसला नाही, एवढंच. "सरनाईकसाहेब, ते कवाच वितळलं. त्याच्या आतापर्यंत खिडक्यांच्या जाळ्या झाल्या असतील," तो म्हणाला आणि त्यांना बसायला खुर्ची दिली. येताना रिक्षातून त्यांना रस्त्याकडेच्या घरांच्या खिडक्या दिसत होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

कुमुदला त्यांनी स्वतःच्या हातांनी, एकेक नट सोडवून, गाडीतून काढून टाकलं होतं. आणि प्रत्येक वेळी हात पुसत ते तिला म्हणाले होते, बघ, कसं नवं झालं.

तबस्सुम आठवड्याने सारथी बसवायला आली.

"वाचन झालंय. गाडीत दोन माणसं हाईत, काका," ती म्हणाली. "एक माणूस सगळ्या गाडीभर हाय. दुसरं फक्त ह्या चाकात."

स्टीअरिंगचं चाक! अच्युतरावांना आठवलं. एका दसऱ्याला त्यांनी झोकदार चामडी चाक विकत आणलं होतं आणि कुमुद पहिल्यांदाच आडवी आली होती. "ह्याला हात लावायचा नाही. बाकी काय ते करा." नवं चाक तेव्हापासून खोक्यात, माळ्यावर पडून होतं. जुन्या काळ्या चाकावर डावीकडे, अंगठा टेकायच्या जागी, खोलगट गुळगुळीत खळगा होता.

"मग तेवढं पुरे नाही का?" त्यांनी विचारलं. आवाजातली आशा त्यांनाच नकोशी झाली.

"बघू की. मला काय सांगता येत नाही, पण आज ठिकाण घालायचं नाही. नुसतं बसा. गाडी तिच्या स्वभावानं जाईल."

अच्युतरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि डाव्या सीटवर बसले. उजवी सीट रिकामी. इंजिन सुरू झालं, क्लचचं पेडल आपसूक खाली गेलं, दांडा हलला. फाटकातून गाडी इतकी अलगद बाहेर पडली की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

वाण्याच्या दुकानापर्यंत गाडी जरा पळाली. मग करकचून ब्रेक लागले. पुन्हा लागले. तिसऱ्यांदा लागले.

अच्युतरावांच्या हातांनी डॅशबोर्ड धरला. गाडी कोपऱ्यावर कडुनिंबाशी येऊन थांबली. उभीच राहिली. उजवीकडे कुणी नव्हतं, काच कुणी खाली केली नाही, तरी अच्युतरावांना स्वच्छ कळलं, की गाडी आता ऐकतेय. रिकाम्या सीटवर कुमुद नव्हती. तिथे ते स्वतः बसले होते, कान बाहेर काढून, डोळे मिटून.

मग चाक हललं. किंचित डावीकडे. डावीकडे गगनबावड्याचा रस्ता. कुणीतरी मनाशी ठरवून निघावं तसं ते चाक डावीकडे कललं, क्षणभर तसंच थरथरत राहिलं, आणि झटक्याने उजवीकडे फिरलं. पुरता वळसा. गाडी परत निघाली.

फाटकाशी तबस्सुम उभी होती. तिला काही विचारावं लागलं नाही.

"ती काकूच," ती हळूच म्हणाली. "चाक दांड्यावर बसतंय त्या मधल्या दातऱ्यांवर लिहिलंय. त्या घरातनं निघाल्या, की कोपऱ्यावर डावीकडंच वळायच्या. दरवेळी. बाकी समदे पार्ट म्हणत्यात, परत फिरायचं. बाकीचे लई हाईत, काका. चाक एकटं पडतंय."

"ठिकाण घालून न्यायचं विजयदुर्गला."

"स्वभाव चालू असताना न्हाई जाणार. पार्टांनी जेवढं सोसलंय, तेवढ्याच्या पलीकडं सारथी गाडी नेत नाही. सुरक्षेचा नियम हाय. आणि तुमच्या पार्टांनी..." तिने कोपऱ्याकडे पाहिलं. "लांब जायचं तर स्वभाव पुसून गाडी कोरी करायची. बाकीचे पार्ट आत लपल्यात, पण चाक सारथीच्या डोळ्यांम्होरं असतंय; ते बदलायचं, न्हाईतर पुन्हा वाचणार ते. मग कुठंबी जा."

"नको," अच्युतराव म्हणाले. "राहू दे असंच."

त्यानंतर ते रोज जाऊ लागले. चहा झाला, की इस्त्रीचा शर्ट, डावी सीट, तीन ब्रेक, कडुनिंब. त्या एका क्षणासाठी ते दिवसभर थांबत. चाक डावीकडे कलायचं तेव्हा ते श्वास रोखून त्या खळग्याकडे पाहत. मग वळसा. गल्लीला यात काही नवीन दिसलं नाही. वाण्याने विचारलंच, "काका, आता यंत्र पण ट्रायलच घेतंय व्हय?" अच्युतराव हसले. हसता हसता त्यांचा चेहरा कसानुसा झाला, तसा वाणी गिऱ्हाइकाकडे वळला.

बॉनेट मात्र त्यांनी आता उघडलं नाही. काहीही बदलायची त्यांना भीती वाटू लागली होती.

नवरात्रात ऋजुता आली. संध्याकाळी त्यांनी तिला मोठ्या उत्साहाने उजवीकडे बसवलं. "हात मांडीवर ठेव, आणि कोपऱ्यावर नीट बघ हां," ते म्हणाले. गाडी गेली, थांबली, चाक कललं, फिरलं, गाडी परत आली. ऋजुता खाली उतरली नाही. ती रडत होती.

"बघितलंस?" अच्युतराव म्हणाले. "ती अजून डावीकडे वळते गं."

"वळते कुठं, बाबा? वळायला बघते." तिने डोळे पुसले. "आणि तुम्ही तिला रोज परत आणताय."

शेडमध्ये इंजिन टिकटिक करत होतं. अच्युतराव म्हणाले, "मी घाबरलो होतो, ऋजू. त्या दिवशी घाटात. तू मागं कैरी खात होतीस. मला वाटलं, गाडी पुरती निर्दोष झाली, की पुन्हा तसं होणार नाही. मग ती कधी निर्दोष होईचना." ते थांबले. "खरं सांगू? होऊ नये असंच मला वाटत होतं."

"आईला कळलं असेल ते."

"कळलंच असणार. म्हणून तर कधी भांडली नाही. भांडायला हवं होतं तिनं."

"परवा खंडेनवमी आहे," ऋजुता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तबस्सुमला बोलावलं. लांबच्या प्रवासासाठी गाडी तपासून दाखला द्यावा लागे. तिने ब्रेक पाहिले, जॉइंट पाहिले, नळ्या पाहिल्या, आणि दाखल्यावर सही केली.

"टॅपेटचा आवाज येतोय बघ," अच्युतराव म्हणाले.

"येऊ दे की. वाजणारा टॅपेट बरा, काका. मुका असला तर व्हॉल्व्ह जाळतोय."

फट पुरेशी नसली की टॅपेट वाजत नाही, पण मग व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो; हे अच्युतरावांना ठाऊक नव्हतं असं नाही. कितीतरी वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच ते कुमुदला समजावून सांगितलं होतं.

चाक मात्र त्यांनी तबस्सुमला काढू दिलं नाही. माळ्यावरचं खोकं उतरवलं. मधला नट सैल केला, चाक ओढून काढायचा पुलर लावला आणि हलक्या हाताने फिरवत राहिले. चाक कट्कन सुटलं. त्या जागी चामडी चाक बसलं. तबस्सुमने सीटखालच्या डबीवर बोट ठेवून विचारलं, "पुसू?" अच्युतरावांनी मान हलवली. छोटा दिवा लाल झाला, मग पांढरा. यापुढे कोपऱ्यावर कुणी थांबणार नव्हतं; ते नाहीत आणि कुमुदही नाही. काढलेलं चाक त्यांनी धोतराच्या जुन्या मऊ तुकड्यात गुंडाळून घरात नेलं. काढलेला पार्ट ते पहिल्यांदाच ठेवून घेत होते.

खंडेनवमीच्या सकाळी हत्यारं पाटावर मांडली गेली. पाने, पक्कड, टॅपेटची फट मोजायची पत्ती, सगळ्यांवर झेंडू आणि हळदकुंकू. गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. ऋजुता उजवीकडे बसली, हात मांडीवर ठेवून. अच्युतराव डावीकडे, आणि त्यांच्या मांडीवर कुमुदचं चाक.

लिंबं चिरडून गाडी निघाली. वाण्याच्या दुकानापाशी ब्रेक लागले नाहीत. वाणी काट्यावरची साखर तशीच ठेवून दारात आला. कडुनिंबाशी गाडीने वेग कमी केला, दिवा दाखवला आणि कसलाही विचार न करता, पाण्यासारखी, डावीकडे वळली. अच्युतरावांनी खाली पाहिलं. मांडीवरचं चाक त्यांच्या हातांनी डावीकडे फिरवलं होतं.

कळे गेलं, साळवण गेलं. इंजिन तापलं, टॅपेट वाजू लागला. अच्युतरावांचा हात सवयीने शर्टाच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. पत्ती घरी पाटावर, झेंडूखाली.

"ऋजू, टॅपेट वाजतोय."

"वाजू दे."

गगनबावड्याला धुकं होतं. घाट सुरू झाला तसं त्यांनी चाक घट्ट धरलं आणि ते वळण कधी येतं याची वाट पाहू लागले. एकामागून एक वळणं गेली. सगळी सारखीच दिसत होती. मग एकदम खाली सपाटी दिसली, भाताची खाचरं दिसली, आणि त्यांना कळलं, की ते वळण मघाशीच मागे पडलं. जिच्यापायी एवढी वर्षं घरात बसलो, ती जागा त्यांना ओळखताही आली नव्हती.

विजयदुर्गच्या धक्क्यावर गाडी थांबली. समोर ऊन पडलेली खाडी, तिच्यापलीकडे समुद्र, डावीकडे किल्ल्याची तटबंदी. ऋजुता उतरून पाण्याकडे गेली. "इंजिन बंद करू का?" सारथीने मऊ, कुणाच्याच नसलेल्या आवाजात विचारलं.

"राहू दे जरा," अच्युतराव म्हणाले.

त्यांनी खळग्यात अंगठा ठेवला. त्यांचा अंगठा जाड होता, नीट बसेना. तसाच ठेवून ते हळूच म्हणाले, "झाली गं गाडी."

बॉनेटखाली टॅपेट वाजत होता, टिक टिक टिक टिक, ना कमी ना जास्त. ऐकता ऐकता त्यांना फेटा आठवला, पाठीवरून फिरणारा हात आठवला, गगनबावड्याच्या अलीकडे रस्त्याकडेला उभी असलेली, हार घातलेली कोरी करकरीत फियाट आठवली. तिचं इंजिन कुमुदने बंद केलं नव्हतं. आणि तो आवाज तेव्हाही असाच येत होता.